स्पायनल द्या, पण हप्त्याहप्त्याने

माझ्या भाषणाचा विषय 'हाय रिस्क पेशंट आणि कंटिन्युअस स्पायनल', म्हणजे पाठीच्या कण्यातल्या पाण्यात भुलीचं औषध थोडंथोडं देत राहणं, असा छापलाय, पण आधी लेमनसाहेबांची गादी. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

फिलाडेल्फियाचे विल्यम लेमन. 1940 च्या सुमारास त्यांनी ठरवलं, स्पायनलची सुई पाठीतच राहू द्यायची आणि लागेल तसं औषध सोडायचं. आता सुई पाठीत असताना पेशंटला उताणं निजवणार कसं? तर त्यांनी वाकणारी मऊ धातूची सुई घेतली, गादीलाच खाच पाडली आणि रबरी नळीने सिरिंज बाहेर काढली! आपल्याकडे साधं टेबल वरखाली होत नाही म्हणून अर्ज करून थकतो आपण. पुढे 1944 मध्ये एडवर्ड टूहींनी सुईतून मूत्रवाहिनीचा कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, सरकवला आणि सुई काढून घेतली. गादी वाचली. टूही सुईचं वाकडं टोक मात्र राल्फ ह्यूबर यांचं, आणि ते दंतवैद्य होते. हसू नका, दात काढणाऱ्यांचे उपकार आहेत आपल्यावर.

आता माझं जुनं दुखणं. खुबा मोडलेल्या ऐंशीच्या आजी, एओर्टिक स्टेनोसिस, म्हणजे हृदयाची झडप आकसलेली, आणि ईएफ, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद, तीस टक्के. सर्जन दारातून डोकावून म्हणतात, "डॉक्टर, एक स्पायनल टोचा ना पटकन!" टोचतो की. पंधरा मिलिग्रॅम औषध एकदम गेलं की रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी कोसळतं, आणि आकसलेल्या झडपेमागचं हृदय ते भरून काढू शकत नाही. सर्जन तोवर हात धुतायत.

चिठ्ठी आली, भाषणाला पाच मिनिटं उरली. बरं.

तर अशा आजींना हप्त्याहप्त्याने: नेहमीच्या एपिड्युरल (कण्याच्या आवरणाबाहेर भूल देण्याच्या) सेटमधली अठरा गेज जाडीची सुई, वीसचा कॅथेटर, आत दोन-तीन सेंटिमीटर. 0.5 टक्के बुपिव्हाकेन हे भुलीचं औषध अर्धा मिली, म्हणजे अडीच मिलिग्रॅम. थांबा, बीपी बघा, मग पुढचा अर्धा. कॅथेटर-फिल्टरमध्ये अडकणारं औषध हिशोबात धरा. पुष्कळदा पाच ते साडेसात मिलिग्रॅममध्ये काम भागतं. सुईच्या भोकातून कण्यातलं पाणी गळून होणाऱ्या डोकेदुखीची भीती तरुणांना जास्त, आजींना कमी.

मग ही पद्धत मागे का पडली? केसासारखे बारीक कॅथेटर आले, त्यातून पाच टक्के लिग्नोकेन, हेही भुलीचंच औषध, हळूहळू उतरून खाली एकाच जागी साचलं, ब्लॉक, म्हणजे बधिरपणा, वर चढेना म्हणून वर आणखी दिलं, आणि कॉडा इक्विना सिंड्रोमच्या, म्हणजे कण्याच्या तळाच्या नसांना इजा झाल्याच्या, केसेस झाल्या. 1992 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियंत्रक संस्थेने ते कॅथेटर बाजारातून काढले. म्हणून ब्लॉक खालीच अडकला तर डोस वाढवत बसू नका. पोझिशन बदला, नाहीतर पद्धत बदला.

क्लोपिडोग्रेल, ही रक्त गोठू न देणारी गोळी, चालू असेल तर विषयच संपला. आणि कॅथेटरवर मोठ्या अक्षरांत 'स्पायनल' लिहा. रात्रपाळीत कुणी एपिड्युरल समजून दहा मिली ढकलले, तर टोटल स्पायनल, म्हणजे भूल थेट वर चढून श्वासच बंद. काढताना टोक अखंड आलंय का, ते स्वतः बघा. सिस्टरवर सोपवू नका.