करवत आधी, गोंद नंतर

नमस्कार. दोन मिनिएचर, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळातल्या छोट्या आकृत्या, तुमच्या हातांत फिरताहेत. दोन्ही २८ मिलिमीटरच्या, दोन्ही मुळात एकाच खोक्यातल्या अंतराळ-सैनिकांच्या. पहिल्याच्या अंगावर सात-आठ वस्तू चिकटवल्या आहेत. कवट्या, गोळ्यांचे पट्टे, दुर्बीण, अँटेना, दोन जादा सुरे. दुसऱ्यावर एकही नवी वस्तू नाही. त्याची मान वळवली आहे, कंबर किंचित फिरवली आहे आणि बंदूक मनगटातून कापून खाली झुकवली आहे. आता दोन्ही मिनी हाताच्या अंतरावर धरा, म्हणजे खेळताना त्या जितक्या लांबून दिसतात तितक्या. पहिला सैनिक खोक्यावरच्या चित्रासारखाच दिसतो, फक्त जरा खडबडीत. दुसरा मात्र वेगळाच माणूस वाटतो. दमलेला, कुठल्या तरी आवाजाकडे कान लावून उभा असलेला.

आजच्या तासाभरात मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. कन्व्हर्जन करताना, म्हणजे तयार मिनी कापून-जोडून वेगळी करताना, बदल सांध्यात करा आणि तोच बदल सगळ्या सैन्यात पुन्हा पुन्हा करा. भर घालायची हौस सगळ्यांनाच असते, मलाही आहे. पण भर घातल्यानं तपशील वाढतो, आकृती तीच राहते.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात एक गंमत आहे. वेगवेगळ्या किटचे भाग एकत्र करून तिसरंच काही उभं करायचं, म्हणजे किटबॅश करायचा, हे काम वॉरगेमवाल्यांनी शोधलेलं नाही. मॉडेल रेल्वेवाले ते आधीपासून करत होते. पुढे १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी मॉडेल बनवणाऱ्यांनी रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटचे असंख्य भाग यानांच्या अंगावर बसवले. रणगाड्याचं चाक यानावर गेलं की ते चाक राहत नाही, काही तरी यंत्र होतं. आपल्या खेळात गेम्स वर्कशॉप कंपनीच्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ची पहिली आवृत्ती १९८७ साली आली, तेव्हा तर गाड्यांची किटंच फारशी नव्हती. त्या काळात डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून तरंगता रणगाडा कसा करायचा, हे खेळ काढणाऱ्यांनीच छापून सांगितलं होतं. लोक आजही त्यावर हसतात. मला ती डबी आवडते. तिचा ढंग एकसंध होता, आणि वर दोन-चार नेमके भाग बसवले की ती खरीच वाटायची. त्याच सुमारास प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे स्पेस मरीन, म्हणजे त्या खेळातले अंतराळ-सैनिक, आले, एका खोक्यात तीस. डोकी, हात, बंदुका सगळं वेगळं. तिथून घरोघरी भागांची अदलाबदल सुरू झाली. आजची काही किटं उलट दिशेला गेली आहेत. पोझ ठरलेली, पाय आणि झगा एकाच तुकड्यात, हात छातीलाच धरून ओतलेला. दिसतात सुंदर, पण आपल्याला करवत काढावी लागते.

तर, करवतीकडे येऊ. कापायचं कुठे?

मान सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त फळ देणारी. डोकं दुसऱ्या किटमधून घेतलं तर बहुतेक वेळा त्याची मान लांब निघते. तसंच बसवलं तर सैनिक जिराफ होतो. हनुवटीच्या खाली सपाट कापा, धडाची खोबण गोल टोकाच्या ड्रिलनं थोडी खोल करा आणि डोकं आत बुडवा. हनुवटी चिलखताच्या कडेला जवळजवळ टेकली पाहिजे. आणि डोकं कधीही सरळ समोर बघत बसवू नका. बंदुकीची नळी जिकडे आहे तिकडे किंवा तिच्या बरोबर उलट दिशेला बघू दे.

मनगट कापताना हातमोज्याची किनार शोधा. तिथे शिल्पकारानं आधीच एक रेघ दिलेली असते, त्या रेघेवर कापलं तर जोड तिच्यातच लपतो. तळहाताच्या मधोमध कापायच्या फंदात पडू नका. बोटं पुन्हा घडवावी लागतात, आणि पाच मिलिमीटरच्या तळव्यावर बोटं घडवणं हे चांगल्या-चांगल्यांना घाम फोडणारं काम आहे.

कंबर हा खरा विषय. माणूस उभा राहतो तेव्हा वजन एका पायावर असतं. त्या बाजूचं नितंब वर जातं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. किटमधल्या साध्या सैनिकांत खांद्यांची आणि नितंबांची रेघ बऱ्याचदा समांतर असते, म्हणून ते पुतळ्यासारखे दिसतात. पट्ट्याच्या वर बारीक दातांच्या रेझर सॉनं आडवं कापा. क्लिपर वापरू नका, तो प्लॅस्टिक चेपतो आणि दोन्ही कडांची नक्षी जाते. मग खालच्या तुकड्याची एक बाजू कानशीनं किंचित उतरती घासा. अर्धा मिलिमीटर पुरतो. धड त्या उतारावर बसवा आणि दहा-पंधरा अंश फिरवा. एका बाजूला पाचरीसारखी फट राहील, ती पुट्टीनं भरायची. एवढ्यावर सैनिक चालायला लागतो.

गुडघ्यांचं काम अवघड आहे, ते सरदारासाठी ठेवा. साध्या शिपायांसाठी मान, कंबर आणि मनगट पुरे.

आता मापांचं बघू, कारण किटबॅशमध्ये सगळ्यात जास्त घात मापांनी होतो. २८ मिलिमीटरची मिनी ढोबळमानानं १:५६ धरतात, म्हणजे खऱ्याचा छप्पन्नावा भाग. पण ती ‘हिरोइक’ ढबीची असते, डोकं आणि हात मुद्दाम मोठे. त्यामुळे कागदावरचं प्रमाण जुळलं तरी दुसऱ्या कंपनीचे हात काडीसारखे दिसू शकतात. हात नेहमी जोडीनं बदला, एक जुना आणि एक नवा असं नको. गाड्यांच्या बाबतीत सूट जास्त मिळते. १:३५ च्या रणगाड्याचं कवच, चाकं, साखळ्या विज्ञानकथेतल्या गाडीला खुशाल चालतात, कारण त्या गाडीचं खरं माप कुणालाच ठाऊक नाही. चोरी पकडली जाते ती माणूस जिथे हात-पाय लावतो तिथे. झाकणं, मुठी, पायऱ्या, शिड्या. हिशेब करून बघा. खऱ्या रणगाड्याचं पन्नास सेंटिमीटरचं झाकण १:३५ मध्ये साधारण चौदा मिलिमीटरचं होतं. तेच आपल्या १:५६ च्या सैनिकाशेजारी ऐंशी सेंटिमीटरचं भासतं. म्हणजे गाडी एकदम खेळण्यातली वाटते. उपाय असा, की मूळ झाकण कापून तिथे आपल्या मापाच्या किटमधलं झाकण बसवायचं आणि बाहेरच्या मुठी खरवडून काढायच्या. बाकी गाडीला हातही लावू नका, माप आपोआप बदलल्यासारखं दिसतं.

चिकटवण्याबद्दल फार बोलत नाही. प्लॅस्टिकला प्लॅस्टिकचा गोंद, कारण तो पॉलिस्टायरिन वितळवून दोन्ही भाग एकजीव करतो. रेझिन आणि धातूला तो लागत नाही, तिथे सुपरग्लू. सुपरग्लू ताणाला टिकतो पण झटक्यानं तुटतो, म्हणून वजनदार जोडाला एक मिलिमीटरचं छिद्र पाडून आत पितळी तार घाला. बारीक फटींसाठी स्प्रूचे, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत येतात तिचे, तुकडे प्लॅस्टिकच्या गोंदात विरघळवून लगदा करून ठेवा. सुकल्यावर तो मूळ प्लॅस्टिकसारखाच घासला जातो. मात्र पूर्ण सुकायला वेळ लागतो, घाई केली तर खड्डा पडतो.

ग्रीन स्टफ या दोन रंगांच्या पुट्टीवर थोडं थांबू. निळी आणि पिवळी पट्टी एकमेकींना चिकटून येते, आणि जिथे त्या टेकतात तिथे पुट्टी पाकिटातच कडक झालेली असते. तो मधला पट्टा कापून टाकून द्या. नवख्यांना ज्या गाठी छळतात त्या बहुतेक इथल्याच. मग दोन्ही रंग एकसारखे हिरवे होईपर्यंत मळा. पिवळा जास्त घेतला तर पुट्टी मऊ आणि चिकट राहते, झग्याच्या चुण्यांना बरी. निळा जास्त घेतला तर घट्ट होते, चिलखताच्या कडांना बरी. हत्यार ओलं ठेवा, नाहीतर पुट्टी मिनीऐवजी हत्यारालाच धरून बसते. तासाभरात तिचा पोत बदलत जातो. सुरुवातीला नुसता आकार द्यायचा आणि ती थोडी घट्ट झाली की मग कडा काढायच्या. सगळं पहिल्या पाच मिनिटांत उरकायला गेलं की बोटांचे ठसे तेवढे उरतात. ग्रीन स्टफ पूर्ण सुकल्यावरही थोडी लवचीक राहते आणि घासायला गेलं की तिचे तंतू निघतात. घासून धार काढायची असेल तर मिलिपुट ही दुसरी पुट्टी घ्या, किंवा दोन्ही मिसळा.

आता सैन्य. एक सुंदर कन्व्हर्जन करणारे पुष्कळ भेटतात, चाळीस करणारे कमी. चाळिसांत प्रत्येक जण वेगळा केला तर टेबलावर जत्रा भरते. सैन्य दिसायला काही तरी पुन्हा पुन्हा यावं लागतं. समजा, तुमचे सैनिक एका उजाड चंद्रावरच्या खाणीतले बंडखोर आहेत. तीन गोष्टी ठरवा. प्रत्येकाच्या शिरस्त्राणावर दिवा, प्रत्येकाच्या पाठीवर तोच गोल हवेचा सिलिंडर, आणि डाव्या खांद्यावर चिलखत नाही. बस्स. बाकी पाय, बंदुका, धडं चार किटमधून आली तरी चालतील, डोळा त्या तीन खुणांनी सगळ्यांना एकत्र बांधतो. म्हणून खरेदीच्या आधी हिशेब सिलिंडरांचा करा, बंदुकांचा नव्हे. ज्या भागाचे चाळीस नग मिळणार नाहीत तो खूण म्हणून निवडायचाच नाही. सिलिंडर तुम्हीच पुट्टीतून घडवला असेल तर गरम पाण्यात मऊ होणाऱ्या साच्यात त्याच्या प्रती काढता येतात. दुसऱ्या कंपनीचे भाग असे छापत बसू नका, ती सरळ नक्कल झाली.

आधी पाचच करा आणि त्यांवर राखाडी प्रायमर मारून बघा. प्रायमरच्या आधी किटबॅश नेहमी गोधडीसारखा दिसतो, राखाडी, हिरवा, पांढरा, पिवळसर. रंग एक झाला की आकृती एकसंध आहे की नाही ते खरं कळतं. राहिलेल्या फटीही तेव्हाच दिसतात. पाच पटले तर उरलेल्या पस्तिसांचं काम टप्प्यांनी घ्या. आधी सगळ्या माना, मग सगळ्या कंबरा.

समोरच्या खेळाडूचाही विचार करा. बंदूक जी दिसते तीच नियमांत असावी, असा जुना दंडक आहे. किटबॅशमध्ये तो जास्तच पाळावा, कारण तुमच्या डोक्यातली कथा त्याला माहीत नसते. प्लाझ्मा बंदूक म्हणून काही वेगळंच बसवलं असेल तर निदान सगळ्या सैन्यात प्लाझ्मा तसाच दिसू दे. बेसचा, म्हणजे मिनीखालच्या चकतीचा, आकार मूळचाच ठेवा. ज्या खेळांत दृष्टिरेषा, म्हणजे कोण कुणाला दिसतो ते, मिनीवरूनच मोजतात तिथे सगळे सैनिक लोळत पडलेले करणं हा चावटपणा आहे, आणि समोरच्याला तो लगेच समजतो. शंका असेल तर मूळ मिनीची उंची धरायची, हे खेळाआधीच बोलून घ्या. स्पर्धेला जायचं असेल तर नियमपत्रिका आधी वाचा. गेम्स वर्कशॉपच्या स्वतःच्या स्पर्धांत दुसऱ्या कंपनीचे किंवा थ्रीडी प्रिंटरवर छापलेले भाग चालत नाहीत.

छापलेल्या भागांवरून आठवलं, एका चिठ्ठीत कुणी तरी विचारलं आहे की घरोघरी थ्रीडी प्रिंटर आल्यावर करवतीची गरज काय. प्रिंटरचा मला राग नाही. चाळीस सिलिंडर छापायला त्याच्यासारखा गडी नाही. पण संगणकावर हात-पाय जोडणारेही त्याच जागी फसतात, धड सरळ, मान सरळ, वर अलंकारांचा ढीग. उतार तिथेही द्यावाच लागतो. कच्च्या रेझिनला मात्र उघड्या हातानं शिवू नका, नायट्राइलचे हातमोजे घाला. आणि कुठलंही रेझिन घासताना पाणी लावा, मास्क बांधा. ती भुकटी फुप्फुसात जायला नको.

दुसरी चिठ्ठी आहे, हात-डोकी काढता-घालता यावीत म्हणून लोहचुंबक कितीचे घ्यावेत. शिपायाच्या हाताला दोन बाय एक मिलिमीटरचे पुरतात, मोठ्या यंत्राच्या खांद्याला पाच बाय दोनचे. सगळ्या धडांत एकच ध्रुव बाहेर ठेवा. त्यासाठी एक चुंबक काडीला चिकटवून कायमचा मापाला ठेवायचा आणि प्रत्येक वेळी त्याच्याशी ताडून बघायचं.

तिसरी चिठ्ठी, सुरुवात कुठल्या मिनीपासून करावी. तुमच्याकडे जी सगळ्यात जास्त संख्येनं पडून आहे तिच्यापासून. फिरवलेल्या दोन्ही मिनी इकडे पाठवा. दुसऱ्याचं डोकं नुसतं चुंबकावर आहे, ते तेवढं सांभाळून.