राजाने जमीन दिली, नागरिकत्व राहूनच गेलं

श्रोतेहो, नमस्कार.

21 एप्रिल 1966. जमैकातल्या किंग्स्टन विमानतळावर इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांचं विमान उतरलं आणि हजारो लोक बंदोबस्त मोडून थेट विमानाला भिडले. सम्राटांना उतरताच येईना. शेवटी मॉर्टिमर प्लॅनो हे रास्ताफारी, म्हणजे जमैकातल्या कृष्णवर्णीयांच्या एका धर्मपंथाचे, पुढारी शिडी चढून वर गेले, त्यांनी गर्दीला वाट द्यायला सांगितलं, तेव्हा कुठे सम्राट खाली आले. रास्ताफारींच्या लेखी ते साक्षात देव. स्वतः सम्राट मात्र ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती!

गुलाम म्हणून आफ्रिकेतून नेलेल्यांच्या या वंशजांना मायदेशी परतायचं होतं. जागाही होती. इटलीच्या आक्रमणाच्या काळात इथिओपियाच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या पाश्चात्त्य देशांतल्या कृष्णवर्णीयांना सम्राटांनी 1948 मध्ये शाशामाने इथे दोनशे हेक्टर जमीन दिली होती. अदिस अबाबापासून दक्षिणेला हे गाव साधारण अडीचशे किलोमीटरवर आहे. हळूहळू जमैकातून, ब्रिटनमधून कुटुंबं येत गेली. त्यांच्या वस्तीला गावकरी ‘जमैका सेफेर’ म्हणतात, म्हणजे जमैका मोहल्ला. आता, हा मुलूख ओरोमो लोकांचा. त्यांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला तरी टाळता येत नाही.

जमीन मिळाली, नागरिकत्वाचं कुणी पाहिलं नाही. 1974 मध्ये सम्राटांना पदच्युत केलं गेलं, 1975 मध्ये लष्करी राजवटीने देशातली शेतजमीन सरकारजमा केली आणि या दोनशे हेक्टरांतलीही बरीच गेली. कसतोय आपण, पण सातबाऱ्यावर नाव नाही, अशी गत.

त्यात तिथला कायदा कडक. नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही, आई किंवा वडील इथिओपियाचे नागरिक असावे लागतात. दुहेरी नागरिकत्वही चालत नाही. पासपोर्टची, व्हिसाची मुदत संपली तरी माणसं तिथेच राहिली. रीतसर नोकरी धरायची तर परवाना कुठून आणायचा? शाशामानेत जन्मलेली, अम्हारिक बोलणारी मुलंही कागदावर परदेशीच.

2017 मध्ये सरकारने रास्ताफारींना ओळखपत्र द्यायचं ठरवलं. आपल्याकडे परदेशस्थ भारतीयांना ओसीआय कार्ड मिळतं, काहीसं तसंच: व्हिसाशिवाय राहता येतं, मतदान करता येत नाही. अनेकांना यानेही हायसं वाटलं, कारण पोलिसाने कागद मागितला तर दाखवायला निदान काहीतरी हाती आलं. जमिनीच्या मालकीचा प्रश्न मात्र या कार्डाने सुटत नाही. इथिओपियाच्या 1995 च्या राज्यघटनेनुसार जमीन सरकारची आणि जनतेची, ती कुणालाच विकत घेता येत नाही.