कागदाचा पांढरा

(दृश्य: जेल रोड, नाशिकरोड. गच्चीत उन्हाला ठेवलेला लिनोचा तुकडा.)

लिनो म्हणजे चित्र कोरून छाप काढायची मऊसर लादी. डिसेंबरातल्या थंडीत तो कडक होतो, कोरणी सटकते. म्हणून मी तो आधी उन्हात ठेवते. ऊब लागली की सालं भराभर सुटतात.

माझ्या डाव्या गालावर कोड आहे. सातवीत डोळ्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका उठला, तो आता हनुवटीपर्यंत उतरलाय. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी तिथे उरल्या नाहीत, एवढंच. शिवल्याने तो कुणाला होत नाही. तरी घरातल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत मी मान डावीकडे वळवलेली आहे.

बाबा प्रेसमधून रिटायर झाले. नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हणजे १९२५ साली सुरू झालेली, पोस्टाची तिकिटं छापणारी सिक्युरिटी प्रेस. तिथे एक तिकीट दुसऱ्यासारखं हुबेहूब लागतं. डाग पडला की बाद. हा ‘बाद’ शब्द लहानपणी इतक्यांदा कानावर पडला, की आरशासमोर उभं राहिलं तरी तोच आठवायचा.

(दृश्य: आरसा, ब्लॉक, काळ्या शाईचा रोलर.)

स्वतःचा चेहरा कोरायला घेतला आणि डागाशी येऊन आठवडाभर अडले. खरं तर लिनोकटमध्ये कोरलेल्या जागी शाई लागतच नाही, कागद आपल्या रंगाचा राहतो. कोडाचंही तसंच. पण त्याची कड कोरायची तर ती बघावी लागणार. चार दिवस बघितली. नाकाकडे नागमोडी, कानाकडे ठिपक्याठिपक्यांनी विरत गेलेली. इतक्या वर्षांत मी ती कधी नीट पाहिलीच नव्हती.

कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासला, कोपरा धरून उचलला. चेहरा ओळखीचा वाटेना. भांग भलतीकडे, डाग पलीकडच्या गालावर. छाप उलटा येतो हे मला माहीत होतं की! पण कोरलं होतं आरशात बघून, आणि आरसाही उलटंच दाखवतो. दोनदा उलटून चेहरा सुलट झाला होता. लोकांना मी अशीच दिसत आले होते.

आई पदराला हात पुसत आली. बघितलं नि म्हणाली, “अगदी तू आहेस गं!”

बाबांनी भिंग आणलं. एका कडेला शाई कमी लागली होती, तिथे बोट ठेवलं.

“बाद का, बाबा?”

त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. “नंबर टाक.”

खाली डाव्या कोपऱ्यात मी लिहिलं, १/१०. दहा छापांतला पहिला.