ढोबळी मिरची, पपनस आणि सोव्हिन्यों ब्लां

मंडळी, ढोबळी मिरचीच्या फोडींची ताटली सगळ्यांकडे फिरली ना? खाऊ नका, नुसती हुंगा आणि वास लक्षात ठेवा. सोव्हिन्यों ब्लां या वाइनच्या पांढऱ्या द्राक्षाची निम्मी ओळख त्या वासात आहे. बागेत आपण ‘सॉविनॉन’ म्हणतो. म्हणा खुशाल, वेल रागावत नाही.

हा वास मेथॉक्सिपायराझिन नावाच्या रसायनाचा. मिरचीत असतं तेच या मण्यात असतं. लिटरभर पाण्यात ग्रॅमचा अब्जावा भाग, फार तर दोन, एवढं जरी असलं तरी नाकाला कळतं. कोवळ्या मण्यात ते भरपूर. घडाला ऊन लागलं, मणी पिकला, की ते उतरत जातं. कॅबर्ने सोव्हिन्योंच्या लाल वाइनमध्येही कधीकधी हाच हिरवा वास येतो. त्याचं कारण १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात डीएनए तपासल्यावर कळलं: कॅबर्ने सोव्हिन्यों हे कॅबर्ने फ्रां आणि आपल्या या सोव्हिन्यों ब्लांचं अपत्य. घराण्याचा वास, दुसरं काय!

उरलेली निम्मी ओळख अधिक गमतीची. मार्लबरोची वाइन हुंगली की पपनस आठवतं, कृष्णफळ (पॅशन फ्रूट) आठवतं. मार्लबरो म्हणजे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचं उत्तर टोक. तिथे ही वेल १९७५ मध्ये लागली आणि ‘क्लाउडी बे’ वाइनरीच्या १९८५ च्या वाइननंतर जगाचं लक्ष तिकडे गेलं. पण त्याच बागेतला मणी तोडून चावलात तर पपनस सापडणार नाही. ते गंध थिऑल नावाच्या, गंधक असलेल्या रसायनांचे. मण्यात ते दुसऱ्या रेणूंना बांधलेले, म्हणून मुके असतात. रस आंबू लागला की यीस्ट त्यांची गाठ सोडतं आणि मग ते बोलतात. फ्रान्समधल्या बोर्दोत दनी द्युबूर्दिए आणि ताकातोशी तोमिनागा या संशोधकांनी १९९०च्या दशकात हे उलगडलं. त्यांतल्याच एका थिऑलला मांजराच्या मुताची झाक असते. नाकं मुरडू नका, फ्रेंच लोक हे कौतुकाने सांगतात! आणि हो, इंग्रजी वर्णनात ‘गूजबेरी’ येते ती म्हणजे आवळा नव्हे. ते झाडच वेगळं.

बागाईतदारांनी इथे कान द्यावा. थिऑलचं तांब्याशी जमत नाही. तांबं त्यांना धरून बसवतं. शेवटच्या दिवसांत डावणी रोगाच्या भीतीने बोर्डो मिश्रणाचा (मोरचूद आणि चुना) हात जास्त मारला, तर मणी वाचतो आणि वास जातो.

फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी सांसेरला हे द्राक्ष पिकतं तेव्हा थंडी चाहूल देत असते, त्यामुळे आंबटपणा टिकतो. आपलं नाशिकचं उलट. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी, आणि मणी तयार होतो तो फेब्रुवारीच्या आसपास, म्हणजे ऊन चढत असताना. साखर धावते, आंबटपणा गळतो, मिरची तर आधीच गेलेली. खाण्याच्या द्राक्षावर वाढलेला आपला हात म्हणतो, ‘अजून चार दिवस, गोडी भरू दे.’ माझ्या मते नाशिकच्या या वाइनचं सगळ्यात जास्त नुकसान त्या चार दिवसांनी होतं. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजा, पण रोज सकाळी मणी चावूनही बघा. जिभेच्या कडांना पाणी सुटतंय तोवर तोडा, आणि तोडणी पहाटे, घड गार असताना.

नाशिकमध्ये सुला वाइनरीने १९९७ साली याच्या वेली लावल्या आणि २००० मध्ये वाइन बाजारात आणली. तेव्हापासून आपण शिकतोच आहोत.

आता बाटल्या उघडतोय. आठ-दहा अंशांवर गार केल्यात. त्याहून थंड केली तर वास मिटून बसतो. कोथिंबीर वडी मुद्दाम ठेवली आहे, हिरव्याला हिरवं. ही जात मुरवायची नाही, बहुतेक बाटल्या दोन वर्षांत संपवाव्यात. आधी नाक, मग घोट. पहिल्या ग्लासात मिरची किती आणि पपनस किती, तेवढं सांगा.