चार ओळींची जाहिरात, वर्षानुवर्षं चाललेली मालिका

(पडद्यावर वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं पान. कॅमेरा छोट्या जाहिरातींच्या रकान्यावर येऊन थांबतो.)

शिकागो. 10 ऑक्टोबर 1944. ‘शिकागो टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत ही एक होती. 1932 साली एका पोलिसाचा खून झाला, त्याचे मारेकरी दाखवून देणाऱ्याला 5000 डॉलर बक्षीस. पुढे फोन नंबर. वेळ, दुपारी 12 ते संध्याकाळी 7.

जाहिरात दिली होती एका आईनं. अकरा वर्षं ऑफिसांच्या फरशा घासून तिनं ही रक्कम साठवली होती. त्याच खुनासाठी तिचा मुलगा 99 वर्षांची शिक्षा भोगत होता.

जेम्स मॅग्वायर आणि जॅक मॅकफॉल या वार्ताहरांनी प्रकरण धसास लावलं. मुलाला दोषी ठरवणारी साक्ष एकाच बाईची होती. आणि ओळख परेडमध्ये त्याला ओळखायला तीच आधी दोनदा चुकली होती! ऑगस्ट 1945 मध्ये मुलगा सुटला.

(रेडिओचा आवाज.)

वार्ताहरांच्या अशाच कामगिरीवर निर्माते बर्नार्ड प्रॉक्टर यांनी कार्यक्रम उभा केला, ‘द बिग स्टोरी’. 1947 मध्ये एनबीसी या अमेरिकी प्रसारण कंपनीच्या रेडिओवर, सप्टेंबर 1949 पासून टेलिव्हिजनवर. अमेरिकेतही तेव्हा घरोघरी टीव्ही पोचायचा होता.

दर भागात छापून आलेली एक खरी बातमी आणि ती खणून काढणारा वार्ताहर. बाकी पात्रांची नावं बदललेली असायची. वार्ताहराचं आणि त्याच्या वर्तमानपत्राचं नाव मात्र खरं. मला या मालिकेतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. गुन्ह्यांच्या बातमीसाठी पोलीस ठाणी आणि कोर्टाचे जिने झिजवणारी ही माणसं. त्यांची कितीतरी बातमी नावाशिवायच छापली जायची. इथं गावोगावच्या अशा वार्ताहरांना सारा देश नावानं ओळखू लागला. सोबत 500 डॉलरचं बक्षीसही मिळायचं. ते प्रायोजकाकडून, म्हणजे पॉल मॉल सिगारेटकडून. त्या काळी सिगारेट कंपन्यांच्या पैशावर कितीतरी कार्यक्रम चालायचे.

एनबीसी टेलिव्हिजनवर ही मालिका 1957 पर्यंत चालली.

(तारेचा कागद उलगडतो.)

रेडिओवरच्या भागाच्या शेवटी एक तार वाचून दाखवत. पाठवणारा तोच वार्ताहर. गुन्हेगाराचं पुढं काय झालं, ते तो तारेतून कळवायचा.