जुन्या स्नोमोबाइलवरून डुलुथ ते ग्रँड मरे : एका सामूहिक सफरीची आखणी

चालकाने दोरीची मूठ धरली आणि एक झटका दिला, मग दुसरा. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडले, मागून निळसर धुराचा लोट उठला आणि पत्र्याचे झाकण थरथरू लागले. ही स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरून धावणारी इंजिनाची गाडी, १९७०च्या दशकाच्या आरंभी कारखान्यातून बाहेर पडली. तिच्या इंजिनाला पाणी लागत नाही, तिच्यात संगणक नाही, आणि तिचा दिवा इतका मंद आहे की संध्याकाळनंतर तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. अशा बारा गाड्या घेऊन अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहरापासून लेक सुपीरियर या सरोवराच्या काठाने ग्रँड मरे या गावापर्यंत जायचे असेल, तर आधी काय काय करावे लागते, ते आपण या चित्रफितीत पाहणार आहोत.

ही वाट नॉर्थ शोअर स्टेट ट्रेल या नावाने ओळखली जाते. तिची लांबी १४६ मैल, म्हणजे सुमारे २३५ किलोमीटर आहे. सरोवराच्या वर जी डोंगराची धार आहे, तिच्यावरच्या जंगलातून ती जाते, आणि हिवाळ्यात यंत्राने बर्फ दाबून तिचा पृष्ठभाग सपाट केलेला असतो. आजच्या गाडीवर बसणारा सराईत माणूस हे अंतर एका दिवसात कापू शकतो. जुन्या गाड्यांच्या तांड्याने मात्र तीन दिवस हाताशी ठेवावेत असे आमचे मत आहे, आणि त्याची कारणे पुढे येतीलच.

जुन्या गाडीवरून लांब जाण्याची ओढ ही नुसती हौस आहे, असे कोणी म्हणेल. पण या यंत्राचा इतिहासच लांबच्या प्रवासाने घडला आहे. याच राज्याच्या उत्तर टोकाला रोझो नावाचे गाव आहे, जिथे १९५४ साली स्नोमोबाइल बनवणाऱ्या पोलॅरिस कंपनीची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक, एडगर हेटीन, मार्च १९६० मध्ये आणखी तिघांना बरोबर घेऊन अलास्कात गेले, आणि बेथेल ते फेअरबँक्स हा १,६०० किलोमीटरहून अधिक लांबीचा प्रवास त्यांनी तीन गाड्यांवरून सुमारे तीन आठवड्यांत पुरा केला. त्या काळी स्नोमोबाइल म्हणजे शेतावरचे किंवा शिकाऱ्याचे अवजार समजले जाई. ती माणसाला इतक्या दूर नेऊ शकते, हे त्या प्रवासाने दाखवून दिले. परतल्यावर भागीदारांशी त्यांचे पटले नाही; ते बाहेर पडले आणि थीफ रिव्हर फॉल्स येथे त्यांनी जी कंपनी उभी केली, तीच पुढे आर्क्टिक कॅट झाली.

दुसरा प्रवास राल्फ प्लेस्टेड यांचा. मिनेसोटातल्या या विमा विक्रेत्याने १९६७ साली स्नोमोबाइलवरून उत्तर ध्रुव गाठण्याचा प्रयत्न केला, आणि वादळामुळे व बर्फ फाटून उघड्या पडलेल्या पाण्यामुळे त्याला माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी तो लवकर, मार्चच्या पहिल्या आठवड्यातच निघाला, आणि १९ एप्रिल १९६८ रोजी आपल्या सोबत्यांसह स्की-डू बनावटीच्या स्नोमोबाइलवरून ध्रुवावर पोहोचला. आमच्या दृष्टीने त्या मोहिमेतल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे निघण्याची तारीख त्याने बदलली. दुसरी म्हणजे त्याचे पेट्रोल विमानाने पुढे पोचवले जात होते. आपल्याकडे विमान नाही, तेव्हा आखणीची सुरुवात पेट्रोलपासूनच करावी लागते.

अनेक गट इथेच चुकतात. आधी मुक्कामाची गावे ठरवली जातात, खोल्या राखून ठेवल्या जातात, आणि मग गाड्या तेवढे अंतर जातील असे धरून चालतात. आमचा आग्रह उलट क्रमाचा आहे. बारा गाड्यांपैकी जिची टाकी सर्वांत लहान आणि जिची भूक सर्वांत मोठी, ती गाडी शोधावी, आणि तिला जे अंतर झेपेल तेवढाच सगळ्या तांड्याचा टप्पा मानावा. समजा, एका गाडीत वीस लिटर पेट्रोल मावते आणि ती लिटरला चार किलोमीटर जाते. तर कागदावर तिचा पल्ला ऐंशी किलोमीटरचा होतो. पण ताज्या, भुसभुशीत बर्फात हा आकडा बराच खाली येतो, म्हणून पेट्रोलचे दोन थांबे पन्नास-पंचावन्न किलोमीटरपेक्षा दूर असू नयेत. असतील, तर जादा डबा कोणत्या गाडीवर बांधायचा हे घरीच ठरवावे. टू हार्बर्स, सिल्व्हर बे आणि फिनलंड या गावांकडे मुख्य वाटेवरून फाटे जातात. फिनलंडच्या पुढे वस्ती विरळ होत जाते, आणि डबे खऱ्या अर्थाने तिथे लागतात. लिटरला चार किलोमीटर हा आकडाही कोणाच्या आठवणीवर विसंबून लिहू नये. प्रत्येकाने आपली गाडी मोजून भरलेल्या पेट्रोलवर, सामान लादून, निदान वीस किलोमीटर चालवून पाहावी आणि आलेला आकडा गटाच्या वहीत नोंदवावा.

पेट्रोलचा प्रश्न लिटरवर संपत नाही. या जवळजवळ सगळ्या गाड्यांची इंजिने टू-स्ट्रोक आहेत, म्हणजे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, आणि त्याचे प्रमाण गाडीगणिक वेगळे असते. वीस लिटर पेट्रोलमध्ये एका गाडीला पन्नासास एक या प्रमाणात चारशे मिलिलिटर ऑइल पुरते, तर दुसरीला वीसास एक या प्रमाणात पूर्ण लिटर घालावे लागते. पहिल्या गाडीसाठी कालवलेले पेट्रोल अडचणीच्या वेळी दुसरीत ओतले, तर तिच्या पिस्टनला पुरेसे वंगण मिळत नाही, आणि काही किलोमीटरच्या आत इंजिन जाम होऊ शकते. म्हणून सामायिक डब्यांत नेहमी साधे पेट्रोल असावे, ऑइल वेगळ्या बाटलीत असावे, आणि प्रत्येक गाडीच्या टाकीच्या झाकणावर तिचे प्रमाण ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. कडाक्याच्या थंडीत ऑइल मधासारखे घट्ट होते आणि टाकीत ओतले की तळाशी बसते. त्यावर उपाय सोपा आहे : आधी थोड्या पेट्रोलमध्ये ते बाटलीतच खळखळून हलवून घ्यावे आणि मग टाकीत घालावे.

आणखी एक बाब मिनेसोटापुरती. तिथल्या पंपांवरच्या साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. पन्नास वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे पातळ पडदे इथेनॉलसाठी बनलेलेच नव्हते. ते फुगतात, कडक होतात, चिरतात. जुन्या मोटारी, बोटी आणि स्नोमोबाइल यांच्यासाठी इथेनॉलविरहित पेट्रोल विकण्याची मुभा त्या राज्याच्या कायद्यात आहे, पण ते सगळ्याच पंपांवर मिळत नाही. कोणत्या थांब्यावर ते मिळते, याची चौकशी दूरध्वनीवरून आधीच करून ठेवावी, आणि नळ्या तर प्रत्येकाने नव्याच बसवून घ्याव्यात.

आता गाडीच्या पोटात डोकावू. झाकण उघडले की डाव्या हाताला चकत्यांच्या दोन जोड्यांवरून फिरणारा रुंद रबरी पट्टा दिसतो. चालक त्याला ड्राइव्ह बेल्ट म्हणतात. गिअर बदलण्याचे काम या गाडीत तोच करतो : वेग वाढला की पुढच्या चकत्या जवळ येतात, मागच्या फाकतात, आणि पट्टा एकीवर वर चढतो, दुसरीत खाली उतरतो. वाटेत सर्वांत जास्त दगा देणारी वस्तूही हीच. पडद्यावर पाहा : चालकाने जाड हातमोजे काढले आहेत, मागची चकती फिरवत तो तिच्या दोन बाजू फाकवतो आहे, जुना पट्टा सैल होऊन त्याच्या हातात येतो, आणि पट्ट्याची एक कड दोऱ्यादोऱ्यांनी उसवलेली दिसते. नवा पट्टा त्याने सकाळपासून जाकिटाच्या आत ठेवला होता, कारण गारठलेला पट्टा लाकडासारखा ताठ होतो आणि चकतीवर चढत नाही. उघड्या बोटांनी हे काम उरकायला त्याच्याजवळ फार मिनिटे नाहीत. प्रत्येकाने हा बदल घरच्या गॅरेजमध्ये, हातमोजे घालून आणि काढून, दोन्ही प्रकारे करून पाहावा, ही अट आम्ही कोणासाठीही सैल करणार नाही.

त्याच बैठकीत स्पार्क प्लग वाचायला शिकावे. काही अंतर भरधाव जाऊन इंजिन एकदम बंद करायचे, प्लग काढायचा आणि त्याच्या टोकाचा रंग पाहायचा. तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरट असेल तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि हा रंग धोक्याचा आहे. थंडी वाढली की हवा दाट होते, त्यामुळे उणे पाचला नीट चालणाऱ्या गाडीला उणे पंचवीसमध्ये पेट्रोल कमी पडू लागते, पिस्टन तापतो आणि वितळूही शकतो. म्हणून कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, त्या हंगामात अपेक्षित असलेल्या सर्वांत कडक थंडीसाठी निवडावे. थोडे पेट्रोल जास्त जळाले तरी चालेल.

सुट्या भागांबद्दल एक वस्तुस्थिती आधीच मान्य केलेली बरी. १९७०च्या सुमारास उत्तर अमेरिकेत शंभराहून अधिक कंपन्या स्नोमोबाइल बनवत होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक दहा-बारा वर्षांत नामशेष झाल्या. त्या कंपन्यांच्या झाकणाचे किंवा काचेचे भाग आज मिळणे दुरापास्त आहे. पण इंजिने बहुतेकांनी रोटॅक्स, साक्स, हिर्थ, कोलर अशा मोजक्या उत्पादकांकडूनच घेतलेली होती, त्यामुळे इंजिनाचे भाग तुलनेने सापडतात. बारा गाड्यांत इंजिनांच्या तीन-चारच जाती असतील, तर सुट्या भागांची एकच पेटी सगळ्यांना पुरते. गाड्या निवडताना या गोष्टीला वजन द्यावे, मग एखादी देखणी पण एकांडी गाडी घरी ठेवावी लागली तरी चालेल.

तारखेसाठी आम्हाला फेब्रुवारीचा मध्य योग्य वाटतो. त्या सुमारास बर्फाचा थर चांगला बसलेला असतो आणि उजेड दहा तासांहून थोडा अधिक मिळतो. मंद दिव्याच्या गाड्यांना हा उजेड हवाच. जानेवारीच्या शेवटाकडे याच परिसरात जॉन बेअरग्रीस यांच्या नावाने कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत होते, तेव्हा तो काळ टाळलेला बरा. बेअरग्रीस हे ओजिब्वे या मूळ अमेरिकी समाजातले टपालवाहक होते; १८७९ ते १८९९ या वीस वर्षांत त्यांनी टू हार्बर्स आणि ग्रँड मरे यांच्या दरम्यान, हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीने, टपाल पोचवले. आपल्या वाटेचा मोठा भाग त्याच मुलखातून जातो, आणि चालकांनी हे जाणून निघावे असे आम्हाला मनापासून वाटते.

थंडीचा हिशेब तापमापकावर संपत नाही. उणे वीस अंशांत ताशी चाळीस किलोमीटर वेगाने वारा अंगावर आला, की उघड्या त्वचेला ती थंडी उणे चौतीस अंशांसारखी लागते, आणि दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. गाडीचा स्वतःचा वेगच हा वारा तयार करतो. म्हणून दर अर्ध्या तासाने थांबून एकमेकांची नाके आणि गाल पाहायचे, पांढरा डाग दिसला तर तिथेच ऊब द्यायची, हा नियम असावा. वाट बहुतांशी जमिनीवरून जात असली, तरी एखाद्या तळ्यावर उतरण्याचा मोह होतो. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या सल्ल्याप्रमाणे स्नोमोबाइलसाठी नवा, स्वच्छ बर्फ निदान पाच ते सात इंच, म्हणजे साधारण तेरा ते अठरा सेंटीमीटर जाड हवा, आणि पांढरा, दुधाळ बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट. छिद्र पाडून मोजल्याशिवाय कोणीही तळ्यावर जाऊ नये.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी लवकर उरकते : नोंदणी, बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांसाठी ट्रेलचा परवाना, आणि ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्यांसाठी मिनेसोटात सक्तीचे असलेले सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र.

राहिला तांड्याचा क्रम. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला चालक, सर्वांत मागे सर्वांत चांगला कारागीर, त्याच्याजवळ ओढण्याचा दोर आणि सुट्या भागांची पेटी. ज्या गाड्यांची इंजिने केवळ समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड राहतात, त्या पुढे ठेवाव्यात. मागे रांगेत रेंगाळल्या तर त्या तापतात. पंखा असलेल्या गाड्यांना संथ चाल सोसते. प्रत्येक चालकाने आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी घ्यायची, आणि फाटा आला की मागचा दिसेपर्यंत वळणावर थांबायचे. या एका नियमाने जंगलात माणूस हरवण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. जंगलात मोबाइलला नेटवर्क मिळेलच असे नाही, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारे एक यंत्र पुढच्याकडे आणि एक मागच्याकडे असावे.

आणि तेरावा माणूस विसरू नये. ही सफर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते, त्यामुळे गाड्या वाहून आणणारा ट्रेलर डुलुथहून ग्रँड मरेला कोणीतरी न्यावा लागतो. हा चालक सरोवराच्या काठाने जाणाऱ्या ६१ क्रमांकाच्या महामार्गावरून तांड्याला समांतर जातो. इथेनॉलविरहित पेट्रोलचे डबे त्याच्याकडे असतात, कोरडे मोजे आणि जादा पट्टे त्याच्याकडे असतात, आणि बारा नावांची यादीही त्याच्याकडेच असते. तिसऱ्या दिवशी दुपारी तो ग्रँड मरेच्या वरच्या बाजूला, जिथे वाट जंगलातून बाहेर येते, तिथे गाडी लावून उभा राहतो. आधी दूरवरून आवाज येतो, मग झाडांमधून एकेक मंद दिवा दिसू लागतो, आणि तो हातातल्या यादीवर खुणा करत जातो. दहा खुणा झाल्यावर तो पेन्सिल खिशात घालत नाही. मागचा कारागीर दोराने कोणाला तरी ओढत आणत असण्याचा संभव आहे, आणि त्याला अजून थोडा वेळ लागेल.