कानातली वाटणी

कोंबडीचं अंडं उबवायला ठेवून तिसरा दिवस उजाडलाय. टरफलाला अलगद पाडलेल्या खिडकीतून भ्रूण दिसतो. त्याच्या डोक्याच्या बाजूला, पारदर्शक त्वचेखाली, एक इवलीशी पिशवी आहे. हाच पुढे आतला कान होणार.

माणसाच्या प्रत्येक आतल्या कानात सहा संवेदी अवयव असतात. तीन डोकं फिरल्याचं टिपतात, दोन गुरुत्वाकर्षण आणि सरळ रेषेतली हालचाल, आणि एक आवाज. कोंबडीच्या कानात तर सहाहून जास्त. पण या पिशवीत अजून त्यांच्या जागा आखलेल्याच नाहीत. आहे तो संवेदी होऊ पाहणाऱ्या पेशींचा बराचसा सलग पट्टा. वाटणी व्हायची आहे.

पट्ट्यातल्या पेशींवर जॅग्ड-१ नावाचं प्रथिन असतं. ते शेजारच्या पेशीवरच्या नॉच या निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला भिडतं, आणि तीही जॅग्ड-१ बनवू लागते. निरोप पेशीगणिक पुढे सरकतो. एवढंच असतं तर पट्टा पसरतच गेला असता. त्याला आडवं येतं एलएमएक्स१ए हे जनुक. ते जिथे जागं होतं, तिथे पेशींची संवेदी ओळख पुसली जाते. काल ज्या पेशी संवेदी व्हायच्या वाटेवर होत्या, त्यांतल्याच काही आज ती वाट सोडतात आणि दोन अवयवांमधली जागा होतात. या साऱ्या घडामोडीत मला सर्वांत विलक्षण वाटतात त्या याच पेशी.

आता या जागेच्या सीमेच्या अगदी जवळ जाऊ या. इतरत्र पेशी कशाही एकमेकींना खेटून बसल्यात. इथे मात्र त्या ओळीत उभ्या आहेत. त्यांच्या कडांलगत अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे तंतू पेशीमागून पेशी जोडत गेलेत, एखाद्या दोरीसारखे. मायोसिन हे दुसरं प्रथिन ही दोरी ताणून धरतं. ताण आहे म्हणून रेघ सरळ राहते, इकडची पेशी तिकडे घुसत नाही.

ड्रेहर जातीच्या उंदरांमध्ये एलएमएक्स१ए जन्मतःच बिघडलेलं असतं. त्यांच्या कानात अवयव नीट सुटे होत नाहीत, एकमेकांत मिसळूनच राहतात. हे उंदीर बहिरे असतात. तोल जातो, आणि ते जागच्या जागी गोल गोल फिरत राहतात.

इकडे अंड्यात आणखी एक दिवस सरलाय. पिशवीच्या पुढच्या टोकाला, डोकं फिरल्याचं टिपणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेच्या वाट्याचा तुकडा पट्ट्यापासून सुटू लागलाय. मधलं अंतर अजून जेमतेम काही पेशींचं आहे.